तू तवा उतरवला होतास

आई,

गेल्या बुधवारी मी तुझ्याविरुद्ध साक्ष दिली. कोर्टात नाही. कोर्टात मी नुसती कारकून आहे, दुसऱ्यांच्या साक्षींच्या फायली लावते. ही साक्ष दिली ती ठाण्यातच, खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, एका समुपदेशक बाईंच्या खोलीत. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, तू काही उठून मला उलट बोलणार नव्हतीस, म्हणून मी चांगली चाळीस मिनिटं बोलले. जिला तू आयुष्यभर 'मुकी' म्हणालीस ती चाळीस मिनिटं न थांबता! शेजारच्या खुर्चीत तुझी नात बसून ऐकत होती. चौदा वर्षांची आहे ती. तू तिला पाहिलं नाहीस आणि तिनेही तुला फक्त माझ्या तोंडून पाहिलंय, म्हणजे किती वाईट पाहिलं असेल ते तूच समज.

आम्ही तिथे का गेलो ते आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील, 'काय गो, मुलीला घेऊन असल्या ठिकाणी कशाला?' दिवाळीची सुट्टी संपली आणि पोरगी शाळेत जाईना. रोज सकाळी पावणेसातला पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं साफ. मी शाळेत फोन करून सांगायचे, ताप आहे. मग सांगितलं, घरात लग्न आहे. मग पुन्हा ताप. मध्येच कधी आठवडाभर जायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. हळूहळू केस विंचरेना, पंखा बंद केला तरी उठेना, विचारलं तर नुसती मान हलवायची. एका रविवारी तिचं कपाट आवरायला घेतलं तर कपड्यांच्या मागे तीन डबे सापडले. न उघडलेले. आत पोळी-भाजीवर पांढरी बुरशी. आणि वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं, 'मी वर्गात नसले तरी कुणाला कळत नाही.' ते वाचलं. त्यातला एक डबा हातात घेऊन मी तिथेच फरशीवर बसले.

आणि तोपर्यंत मी काय करत होते माहितीये? मिरवत होते. खोटं कशाला सांगू, अगदी मिरवत होते. घरी कुणी आलं की म्हणायचं, 'किती गुणी हो मुलगी तुमची, आवाजसुद्धा येत नाही पोरीचा.' ते ऐकून मी त्यांना आणखी पोहे वाढायचे. शेजारणीची मुलगी दार आपटते, उलट बोलते, मोबाईलसाठी रडारड करते, आणि आमची बघा, घरात आहे की नाही कळत नाही! कसलं डोंबलाचं गुणी! पोर आतल्या आत विझत होती आणि मी तिला शांत समजत होते. आपल्याकडे मुलीला ताप आला तर धावाधाव करतात आणि ती गप्प झाली तर कौतुक करतात. मी तर स्वतः गप्प मुलगी होते. मला तरी कळायला हवं होतं.

समुपदेशक बाई तशा चांगल्या आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. पहिल्या दोन वेळा तुझी नात त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या वेळी, म्हणजे बुधवारी, त्यांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "तुम्ही लहानपणी कशा होतात?" बस, एवढंच विचारलं. जणू धरणाचं दार उघडलं. मी म्हटलं, मी अशीच होते. पण माझ्या आईने मला घडवलं नाही, दामटलं.

मग मी दुकान सांगितलं. बाबांची आंबिवलीची नोकरी सुटली आणि तू डोंबिवली पूर्वेला, त्या दहा बाय बाराच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र काढलंस, ते. पुढे फळीचा काउंटर, मागे दोन शेगड्या, खाली कणकेची परात, आणि त्या परातीच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत मी. मला तिथे फार बरं वाटायचं. ओल्या फडक्याखाली कणीक मुरत असायची, तिच्यावर हात ठेवला की गार लागायचं. तू म्हणायचीस, "प्रत्येक गव्हाची कणीक वेगळं पाणी पिते, सगळ्यांना एकाच मापाने नाही भिजवायचं." गव्हाचं तुला बरोबर कळायचं. माझं मात्र काही कळायचं नाही. मी चौथीत असेन. संध्याकाळी सातची वेळ, ऑफिसातून सुटलेली माणसं घरी जाताना पोळ्या न्यायला रांगेत उभी, आणि तू मला बखोटीला धरून काउंटरवर उभं केलंस. "आजपासून गिऱ्हाइकाशी तू बोलायचं. भीड चेपली पाहिजे तुझी." एका चष्मेवाल्या काकांनी विचारलं, "काय गं, आज भाजी काय आहे?" भाज्या मीच निवडल्या होत्या, मला पाठ होत्या. पण आवाज येईना. कान तापले, आणि माझ्यामागून तुझा आवाज आला. "तोंडात मूग भरलेत काय गो? निवडताना हात चालतात, सांगताना जीभ झडते?" रांग हसली. फ्रॉकच्या आत ओलं झालेलं मला कळलं. ते सगळ्यांना दिसतंय असं वाटून मी खाली बघत उभी राहिले.

एवढं सांगून मी थांबले. ही गोष्ट मी नेहमी इथेच थांबवते. नवऱ्याला लग्नाआधी सांगितली तेव्हाही इथेच थांबवली, ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितली तेव्हाही. इथे थांबलं की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि 'बिचारी' म्हणतात. पुढे मी दहावीचं पण सांगितलं. दहावीच्या वर्षी मी दोन महिने अंथरुणातून उठत नव्हते. का ते मलाही माहीत नव्हतं. नुसतं सगळं जड, अगदी दात घासायला हात उचलणंसुद्धा. तू अंगावरची चादर ओढून काढायचीस, "सोंगं पुरे झाली, ऊठ." एकदा तर आत्यासमोर थोबाडीत दिलीस. ते मी काही विसरले नाही, आई. आजही विसरले नाही. पत्र लिहिते आहे म्हणून तुला सगळं माफ, असं समजू नकोस.

बाई वहीत लिहून घेत होत्या. आणि तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. इतका बारीक की मला आधी वाटलं बाहेरून कुणी बोललं.

"मग त्या काकांना भाजी कुणी सांगितली?"

आई गं, तीन बैठकांतलं तिचं पहिलं वाक्य! मी म्हटलं, "कुठल्या काकांना?"

"चष्मेवाल्या. ते भाजी न घेताच गेले का?"

वीस वर्षं मी कोर्टात आहे. उलटतपासणीत साक्षीदार कसा अडकतो ते रोज बघते. आधी पाणी मागतो, मग म्हणतो आठवत नाही. मीही पर्समधून पाण्याची बाटली काढली. मग म्हटलं, "नाही. मी सांगितली."

"कशी? तुझा तर आवाज येत नव्हता ना?"

मग मला पुढचं सांगावं लागलं. तू तवा उतरवलास. पोळी अर्धी भाजलेली होती, ती तशीच बाजूला टाकलीस, गॅस बारीक केलास, हात पुसलेस आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस. काकांना म्हणालीस, "थांबा जरा. ती सांगेल." ते म्हणाले, "अहो बाई, घाई आहे, तुम्हीच सांगा की." तू म्हणालीस, "घाई असेल तर पलीकडच्या गल्लीत दुसरं केंद्र आहे." मागे दहा-बारा माणसं चुळबूळ करत होती. एक बाई निघूनसुद्धा गेली. ऐन गर्दीच्या वेळेला तुझा तवा थंड होत होता आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवून गप्प उभी होतीस. किती वेळ, कोण जाणे. मग मी म्हटलं, "दुधी, मटकी, बटाटा." काका म्हणाले, "दे दुधी." तू तवा परत चढवलास आणि त्याबद्दल पुढे कधी एक शब्द बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी बाजारातून खडू आणि छोटा फळा मात्र घेऊन आलीस. रोज संध्याकाळी भाज्या मी फळ्यावर लिहायच्या, पहिल्या गिऱ्हाइकाला तेवढ्या मोठ्याने वाचून दाखवायच्या, बाकीच्यांना फळा. मग पहिल्या दोघांना. मग पहिल्या पाचांना. सातवीत जाईपर्यंत फळा कधी बंद झाला ते मला आठवतही नाही.

हे सगळं सांगून झालं तेव्हा समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. तुझी नात नखं बघत होती. नखांकडेच बघत म्हणाली, "तू माझ्यासाठी कधी थांबत नाहीस. तू सांगूनच टाकतेस."

खरंच आहे ते. ती झाली तेव्हा दवाखान्यात तिचं ते लाल बोट धरून मी ठरवलं होतं की हिला कधी कुणासमोर उभं करायचं नाही. माझ्या आईसारखं तर मुळीच वागायचं नाही. आणि शब्दाला जागले, बघ. कुणी विचारलं, बाळ नाव काय तुझं, की मी सांगायचे. कितवीत आहेस, मी सांगायचे. आवडता विषय? गणित, मीच सांगायचे. वाढदिवसाला जायचं नाही म्हणाली, नको जाऊ. सोसायटीच्या गणपतीत नाचात नाव दिलं होतं, रडायला लागली, मी स्वतः जाऊन नाव खोडून आले. रिक्षावाल्याला पत्ता मी, दुकानदाराला माप मी, शाळेतल्या बाईंना कारण मी. नवरा कधीतरी म्हणायचा, "अगं, तिला बोलू दे की." मी अंगावर धावून जायचे, "तुला काय कळतंय, तुमच्या घरात सगळे बोलभांड." घाबरली की उचलायचं, घाबरली की उचलायचं. मला वाटायचं ही माया. हेही मी सांगितलं तेव्हा समुपदेशक बाई शांतपणे म्हणाल्या, "हळवा स्वभाव ती जन्मापासून घेऊन आली, तुमच्यासारखाच. तो काही दोष नव्हे. पण प्रत्येक वेळी तुम्ही सोडवायला धावलात ना, त्यातून ती एकच शिकली, की हे आपल्याच्याने होणार नाही." त्या असंही म्हणाल्या की तुमच्या आईंचं ओरडणं, मारणं चुकीचंच होतं, त्याने तुम्हाला इजा झाली, ते झाकायचं कारण नाही. त्यांनी दोन्ही सांगितलं. मी मात्र इतकी वर्षं एकच सांगत आले.

बाईंनी आम्हाला घरचा अभ्यास दिला. काहीतरी छोटं, जे ती स्वतः बोलेल आणि मी बोलणार नाही. काय ते तिने निवडायचं. येताना जिन्यात ती म्हणाली, "पोळी-भाजी केंद्र." तुझ्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक केंद्र आहे, तिथे आम्ही नेहमी घेतो. गुरुवारी संध्याकाळी गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "काय देऊ?" आणि आई, शप्पथ सांगते, मला कळलंसुद्धा नाही, माझ्या तोंडून गेलं, "सहा पोळ्या आणि बटाटा." जित्याची खोड म्हणतात ना, तसं. तुझी नात माझ्याकडे बघत राहिली. मग वळली आणि भरभर घरी निघून गेली. मी पिशवी घेऊन मागून. तिने खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं! पहिल्यांदाच आपटलं. तो आवाज ऐकून मला रडू आलं आणि खोटं नाही सांगत, थोडं बरंही वाटलं.

शनिवारी ती आपणहून म्हणाली, "चल." या वेळी मी पदर तोंडात धरायचाच बाकी ठेवला होता. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "काय देऊ?" ती गप्प. मी गप्प. तिचा कान लाल व्हायला लागला, मला तो ओळखीचा, माझाच कान तो. मागे रांग. एक माणूस म्हणाला, "ताई, बोला की लवकर, आम्हाला पण जायचंय." माझ्या जिभेच्या टोकावर बटाटा आलेला. मी त्या माणसाकडे वळले आणि म्हटलं, "थांबा जरा. ती सांगतेय." आवाज तुझा होता, आई. अगदी तोच कोकणातला हेल. मी तो कधी शिकले कोण जाणे. मग ती म्हणाली, "सहा पोळ्या. आणि फ्लॉवर." बाईला ऐकू गेलं नाही. "काय गं?" मी मुठी आवळल्या. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, "फ्लॉवर!" बाहेर आल्यावर पिशवी तिनेच घेतली. थोडं चालल्यावर म्हणाली, "मला बटाटा आवडत नाही. कधीच नाही आवडला." म्हणजे बघ, इतकी वर्षं मी तिच्या वतीने उत्तरं दिली ती बरोबरसुद्धा नव्हती. त्या तीन डब्यांतही बटाटाच होता.

अजून ती शाळेत जात नाही. सोमवारी फाटकापर्यंत गेली आणि परत आली. केस मात्र विंचरले होते. पुढे काय होईल मला माहीत नाही. समुपदेशक बाई म्हणतात वेळ लागेल.

हे पत्र मी डबा खाण्याच्या सुट्टीत कोर्टाच्या कोऱ्या कागदांवर लिहिते आहे. तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही. शनिवारी रात्री ते फ्लॉवर खाताना मला तुझे ते शेवटचे अकरा दिवस आठवले. अर्धांगवायूने तुझी उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. डॉक्टर रोज यायचे आणि विचारायचे, "आजी, नाव काय तुमचं?" तू ओठ जुळवायला लागायचीस आणि मी पटकन सांगायचे. तुझं नाव! त्यांच्या हातातल्या कागदावर ते लिहिलेलं होतं, त्यांना काय नाव ठाऊक नव्हतं म्हणून विचारत होते का ते? तुझी जीभ किती वळते ते त्यांना बघायचं होतं. तू डाव्या हाताने खाटेच्या लोखंडी कठड्यावर थापटायचीस. मी म्हणायचे, तिला राग येतोय, राहू द्या. आणि शेवटच्या संध्याकाळी तू माझं मनगट धरलंस. काहीतरी सांगायचं होतं तुला. मी म्हटलं, पाणी? तू नाही अशी मान हलवलीस. उशी? चादर? बाबांना बोलावू? एकामागून एक विचारत सुटले, तुला एक शब्द जुळवायला फुरसत दिली नाही. शेवटी तू मनगट सोडलंस आणि डोळे मिटलेस.

सगळ्यांना मी सांगते की तुझे हाल मला बघवत नव्हते. तसं नव्हतं ते. शेजारच्या खाटेभोवती पाहुणे उभे होते, आणि तुझं ते बोबडं बोलणं, ओठातून गळणारी लाळ त्यांनी बघू नये असं मला वाटत होतं. मला लाज वाटत होती तुझी. पोरीच्या वतीने बोलते तेव्हाही आत तेच असतं, ती गप्प उभी राहिली की लोक माझ्याकडे बघतात. त्यालाच मी इतकी वर्षं माया म्हणत आले. बुधवारी पुन्हा खोपटला जायचंय. तिच्यासमोर हे सांगेन म्हणते. पण नुसतं मनात आणलं तरी माझ्याच तोंडात मूग भरतात, आणि तवा उतरवून शेजारी उभं राहायला आता तू नाहीस.